स्वातंत्र्य कुणाचे? ओढणाऱ्याचे की विकणाऱ्याचे?

सिगारेट ओढावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, सरकारने त्यात नाक खुपसू नये, असा युक्तिवाद शिकलेली मंडळी हिरिरीने करतात. आम्ही व्यक्तिस्वातंत्र्याचे विरोधक नाही. पण एसटीत शेजारी बसलेल्या बाळंतिणीने धूर घ्यायचा की नाही, हे तिला कुणी विचारले? मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली, ती न ओढणाऱ्याच्या जगण्याच्या हक्कासाठीच.

शिवाय हा वाद शहरी सिगारेटपुरताच चालतो. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे शंभरात चारही नव्हते. खाणारे, चघळणारे, मिश्री लावणारे मात्र चोवीसच्या वर होते. आमच्या जालना जिल्ह्यात मंठा, परतूर, घनसावंगीकडचा मजूर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातो. पहाटे फडात उतरताना भूक मारायला तो तंबाखूचा बार भरतो. पुढे ती सुटत नाही. याला निवड म्हणायचे काय?

आता कायदा पाहा. राज्याने 2002 मध्ये गुटखाबंदी केली, तेव्हा न्यायालयात धावले ते उत्पादक. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. 2012 मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा आली. तिचा आदेश वर्षाचाच, म्हणून पुन्हा पुन्हा काढावा लागतो. बंदी आहे उत्पादन, साठवणूक, वाहतूक आणि विक्रीवर. खाणाऱ्याला ती गुन्हेगार ठरवत नाही. मग स्वातंत्र्य गेले ते कुणाचे? संविधानाच्या कलम 47 ने जनतेचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे, गुटखेवाल्यांचा गल्ला सांभाळणे नव्हे!

तरीही सरकारची पाठ थोपटायला आम्ही तयार नाही. 2003 च्या कायद्यातला दोनशे रुपयांपर्यंतचा दंड साहेबाला चहापाण्याचा खर्च वाटतो, रोजंदारीवाल्याच्या घरची चूल मात्र त्याने विझते. गुटखा पकडला की बहुधा टपरीवाला आरोपी होतो; माल कुणाच्या गोदामातून निघाला, हा तपास तिथेच अडतो. आमची मागणी साधी आहे. तपास गोदामापर्यंत न्या. आणि ऊसतोडीच्या गाड्या निघण्याआधी गावातच मजूर बायाबाप्यांच्या तोंडाची तपासणी करा, तंबाखू सोडू पाहणाऱ्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध आणि सल्ला फुकट द्या.