तांब्याभर पाणी आणि गुलछडी

धाराशिव जिल्ह्यांत पाण्याचें मोल कोणास सांगावयास नको. केवळ शोभेसाठीं तें खर्चणें गृहिणींस रुचत नाहीं, हें योग्यच आहे. परंतु गुलछडी, म्हणजेच निशिगंध, नीट पारखून घेतली तर रोजच्या तांब्याभर पाण्यावर सुमारें आठवडाभर टिकते, असें आम्ही सांगूं इच्छितों.

तुळजापुरास देवीचें दर्शन घेऊन परततांना बाजारांत छड्या दिसल्या, तर तळच्या दोन-तीन कळ्या उमललेली छडी निवडावी. गुलछडी खालून वर फुलत जाते. पूर्ण उमललेली छडी शोभिवंत दिसली तरी लौकर मान टाकते.

घरीं येतांच खालचीं पानें काढावीं. तीं पाण्यांत कुजलीं म्हणजे जंतु वाढतात व देठाचीं छिद्रें बुजतात. देठ धारदार सुरीनें तिरपा कापावा; चेंगरूं नये. फुलदाणी रोज धुवावी, देठ किंचित् पुन्हां कापावा, कोमेजलेलीं फुलें खुडावीं. पिकत्या केळ्यांजवळ फुलदाणी नको. त्यांतून निघणारा इथिलीन वायु कित्येक फुलांस बाधतो.

काढलेलें पाणी मोरींत न ओततां कढीलिंबाच्या आळ्यांत घालावें. मग त्या तांब्याभर पाण्याबद्दल घरांतील वडील मंडळीही बोल लावणार नाहींत!