शस्त्रसंधीनंतरची नावं

(लेखमाला ‘दगडावरची नावं’ : लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाची हकिगत वाचली. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्या युद्धानंतर इंग्रज सरकारने गावोगावी संगमरवरी पाट्या बसवल्या. गावातून किती जण गेले आणि किती परतले नाहीत, एवढंच त्यांवर असतं. साल मात्र पाहावं : १९१४ ते १९१९. शाळेच्या पुस्तकात तर युद्ध नोव्हेंबर १९१८ मध्येच संपतं. मग वरचं हे एक वर्ष कुणाचं?

याचं उत्तर शोधायला नाशिककरांनी फार लांब जायला नको. देवळाली कॅम्पात आजही ‘रेस्ट कॅम्प रोड’ आहे. विलायतेहून आलेले गोरे शिपाई मुंबईला उतरले की आगगाडीने आधी देवळालीला यायचे आणि इथून पुढे देशभर पांगायचे. मुदत संपलेले शिपाईही परतीच्या बोटीसाठी इथेच थांबायचे. सैन्याच्या बोटी हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. मार्चमधली शेवटची बोट हुकली की दिवाळीपर्यंत मुक्काम देवळाली. उन्हाळा, मलेरिया आणि रिकामपण यांनी माणसं इतकी भ्रमिष्ट व्हायची, की डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजी बोलीत या गावाचंच नाव पडलं. नाशिककर ही गोष्ट हसत हसत सांगतात. सांगावीही. पण त्या बराकींमधले सगळेच पुढे बोटीत चढले नाहीत.

पहिल्या महायुद्धात देवळालीला मोठी लष्करी इस्पितळं होती. चौतिसावं वेल्श जनरल हॉस्पिटल त्यांतलं एक. मेसोपोटेमियातले, म्हणजे आजच्या इराकमधले, जखमी आणि आजारी जवान मुंबईमार्गे तिथे येत. ११ नोव्हेंबर १९१८ ला युरोपातल्या तोफा थांबल्या, तेव्हा आपल्याकडे वेगळ्याच मृत्यूचं थैमान सुरू होतं. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेला एक पोलीस शिपाई आणि त्याचे काही सहकारी तापाने आजारी पडले. ही इन्फ्लुएन्झाची पहिली चाहूल. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी लाट भयंकर निघाली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ माणसं दगावली. हिंदुस्थानभरच्या बळींचा आकडा सव्वा कोटीच्या वरच धरला जातो. ही साथ रेल्वेच्या रुळांवरून पसरली आणि त्याच रुळांवरून फौजाही परतत होत्या. बसऱ्याची लढाई झेलून आलेला जवान घराच्या ओट्यावर तापाने गेला, तर तो युद्धात गेला म्हणायचं की नाही?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेने याचं उत्तर तारखेने दिलं. ब्रिटिश कायद्यानुसार पहिलं महायुद्ध अधिकृतपणे ३१ ऑगस्ट १९२१ ला संपलं. तोवर नोकरीत असताना मेलेला प्रत्येक जण ‘युद्धमृत’, मग कारण गोळी असो, ताप असो वा अपघात. नोकरीतून मोकळा झालेला असेल, तर मृत्यूचं मूळ लष्करी सेवेत होतं याचा पुरावा हवा. दुसऱ्या महायुद्धासाठी ही मुदत ३१ डिसेंबर १९४७.

स्कॉटलंडला हा नियम कुणी समजावून सांगावा लागत नाही. १ जानेवारी १९१९ च्या पहाटे ‘आयोलेअर’ ही बोट लुईस बेटावरच्या स्टोर्नोवे बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटली. युद्ध संपवून नववर्षाला घरी निघालेले खलाशी तिच्यात होते. किमान २०१ जण बुडाले, तेही गावचे दिवे दिसत असताना. बेटाने त्यांची नावं सोडली नाहीत.

देवळालीत पुरलेल्या गोऱ्या शिपायांचीही सोय झाली. गावोगावच्या छावण्यांतल्या कबरींची निगा राखणं पुढे अशक्य झालं, तेव्हा त्यांतली नावं पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मारकावर कोरली गेली. ती अठराशेच्या वर आहेत.

आपल्या जवानांच्या वाट्याला काय आलं, ते पाहायला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जावाला जावं लागतं.

१५ ऑगस्ट १९४५ ला जपानने शरणागती जाहीर केली. दोनच दिवसांनी सुकर्णोंनी इंडोनेशिया स्वतंत्र झाल्याची घोषणा केली. जपानी सैन्याची शस्त्रं काढून घ्यायला आणि छावण्यांतल्या युद्धकैद्यांना व डच बायकामुलांना सोडवायला ब्रिटिशांनी फौज पाठवली, ती बहुतांशी हिंदी. २५ ऑक्टोबरला सुराबाया बंदरात उतरलेल्या ४९ व्या ब्रिगेडमध्ये तीन पलटणी होत्या. एक राजपुताना रायफल्सची आणि दोन मराठ्यांच्या : पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी आणि सहावी बटालियन. यातली चौथी म्हणजे मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांशी झुंजलेली. त्या रणातून जे वाचले, त्यांना आता फक्त घरी जायचं होतं.

२७ तारखेला ब्रिटिशांच्या विमानातून पत्रकं पडली : अठ्ठेचाळीस तासांत शस्त्रं खाली ठेवा. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी स्थानिक पुढाऱ्यांशी नेमकं उलट बोलून बसले होते. पत्रकांची त्यांना कल्पनाच नव्हती. सैनिक शहरभर लहान लहान ठाण्यांत विखुरलेले. दुसऱ्या दिवशी हजारो सशस्त्र तरुण त्यांच्यावर तुटून पडले. काही ठाण्यांवरची काडतुसं संपली आणि तिथले जवान कापले गेले. सुकर्णोंना विमानाने आणून तह केला, तोही टिकला नाही. ३० ऑक्टोबरला लाल पुलाजवळच्या इंटरनॅशिओ इमारतीसमोर मॅलबी मारले गेले. इमारतीत तेव्हा सहाव्या बटालियनचीच तुकडी होती. १० नोव्हेंबरपासून पाचव्या हिंदी डिव्हिजनने शहरावर चाल केली आणि इंडोनेशियाचे हजारो लोक मेले. तो देश आजही १० नोव्हेंबर ‘वीर दिन’ म्हणून पाळतो, आणि तो त्याचा हक्क आहे.

इकडे काय होतं? दिल्लीत आझाद हिंद सेनेचे खटले सुरू होणार होते. परक्याच्या स्वातंत्र्याविरुद्ध हिंदी फौज वापरण्याला नेहरूंनी जाहीर विरोध केला, आणि तो योग्यच होता. पण त्यामुळे सुराबायात पडलेल्या मराठ्याला ना साम्राज्याचा जयजयकार लाभला, ना स्वराज्याचा. त्याने ना ते युद्ध निवडलं होतं, ना ते शहर. हुकूम आला आणि तो बोटीत चढला. शेवटची हिंदी तुकडी जावातून निघायला नोव्हेंबर १९४६ उजाडला.

नियमाप्रमाणे हे सगळे युद्धमृतच. पण कागदावर मुदत सारखी असली, तरी नावाची वागणूक सारखी नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या बसरा स्मारकावर १९२१ पर्यंतचे मृत धरले आहेत. त्यात गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं गेलं आणि साध्या हिंदी शिपायाची फक्त पलटणवार संख्या. खुद्द कमिशनच्याच समितीने एप्रिल २०२१ मध्ये कबूल केलं, की किमान १ लाख १६ हजार आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं नावाने किंवा अजिबातच नोंदली गेली नाहीत. त्यांत बहुसंख्य पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधली. दिल्लीचं इंडिया गेट या बाबतीत जरा उदार ठरलं. १९१९ च्या अफगाण युद्धातल्या मृतांनाही तिथल्या भिंतींवर जागा मिळाली.

कमिशनची यादी इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते आणि पुराव्यानिशी नवं नाव सुचवताही येतं. वाचकांपैकी कुणाच्या घरी पणजोबांचं डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद किंवा पलटणीचा क्रमांक असलेलं पदक असेल, तर त्यावरचा नंबर आणि मृत्यूची तारीख उतरवून घ्या. तारीख ३१ ऑगस्ट १९२१ च्या किंवा ३१ डिसेंबर १९४७ च्या आतली असेल, तर ते नाव यादीत शोधा. सापडलं नाही, तर अर्ज करा. पुढच्या आठवड्यात : ज्यांची कबर समुद्रातच झाली, ते मुंबई बंदरातले हिंदी खलाशी.