शेजाऱ्याचं घड्याळ आणि आपली वही: फिटनेसमधली तुलना कशी सुटते?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ बरेच काढलेत, सगळे नाही.)

इअरफोन घालून चालायला निघाला असाल तर चालत राहा, हा भाग चालता चालता ऐकण्यासारखाच आहे.

दिवाळीला मी गावी, दुसरबीडला होतो. पहाटे साडेपाचला रस्त्यावर आलं की एका कडेला सोयाबीन वाळत घातलेलं आणि दुसऱ्या कडेने पोलीस भरतीची पोरंपोरी पळतायत, हे आमच्याकडचं नेहमीचं चित्र. माझा मावसभाऊ त्यातलाच. या वेळी मात्र तो गोधडीत. म्हटलं, “काऊन रे, पळणं बंद केलं का?”

तो म्हणाला, “दादा, माझ्यासोबतचा पोरगा सोळाशे मीटर पाच-दहात मारतो. मी सहा-चाळीस. काय फायदा?”

म्हटलं, सुरुवात केली तेव्हा किती होतं? त्याला आठवेना. मग मोबाईलमध्ये जुने मेसेज शोधले. चार महिन्यांपूर्वी त्याने स्वतःच मला पाठवलेलं होतं: ७ मिनिटं ३५ सेकंद. म्हणजे ५५ सेकंद कमी केले होते पठ्ठ्याने! मित्राचा आकडा तोंडपाठ आणि स्वतःचा आकडा विसरलेला. आजचा भाग याच गोष्टीवर आहे.

आपण तुलना करतोच का?

१९५४ मध्ये लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. त्यातला आपल्या कामाचा मुद्दा साधा आहे: आपण कितपत बरे आहोत हे माणसाला जाणून घ्यायचं असतं, आणि हाताशी धड मोजपट्टी नसली की तो आजूबाजूच्या माणसांकडे बघतो. म्हणजे तुलना ही काही वाईट खोड नाही. मोजपट्टी नाही म्हणून केलेला तो जुगाड आहे. त्यामुळे ‘तुलना करू नकोस’ असं कुणाला सांगून काही होत नाही. त्याच्या हातात दुसरी मोजपट्टी द्यावी लागते.

शेजाऱ्याची मोजपट्टी का चालत नाही?

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. दोन वेगळ्या मशीनवर एकच प्रोग्रॅम चालवला आणि एकीवर हळू चालला, तर आपण लगेच प्रोग्रॅमला शिव्या देत नाही. आधी मशीन बघतो. शरीराच्या बाबतीत मात्र आपण मशीन न बघताच निकाल देऊन मोकळे होतो.

१९९० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात ‘हेरिटेज’ नावाचा मोठा अभ्यास झाला. व्यायाम न करणाऱ्या शेकडो लोकांना २० आठवडे एकाच पद्धतीचा व्यायाम दिला, तोही देखरेखीखाली. शरीर ऑक्सिजन किती वापरू शकतं, म्हणजे ज्याला आपण दम म्हणतो, तो आधी आणि नंतर मोजला. सरासरी चांगली वाढली. पण काहींची वाढ जवळपास शून्य, तर काहींची सरासरीच्या दुपटीहून जास्त. मेहनत तीच, फळ वेगळं. आणि या फरकाचा बराच भाग घराण्यातून आलेला दिसला.

दुसरं उदाहरण आपल्या पुण्याचं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर जुळे भाऊ, आतून दुप्पट फरक. तेव्हा जिममधल्या मित्राचं आणि तुमचं वजन सारखं आहे, किंवा नाही, यावरून नक्की काय कळतं? फारसं काही नाही.

आता माझी फजिती. मागच्या वर्षी पळण्याच्या अ‍ॅपवर एका सहकाऱ्याचा वेग बघून मी तीन आठवडे त्याच वेगाने पळत सुटलो. तो कित्येक वर्षांपासून पळतोय हे अ‍ॅपच्या त्या यादीत दिसत नव्हतं. नडगी अशी दुखायला लागली की दीड महिना पळणं बंद. त्याला तर याचा पत्ताही नाही! (हसतो)

मग साबळेचं काय?

तुम्ही म्हणाल, स्पर्धेत तर तुलना असतेच ना. असते. अविनाश साबळे घ्या, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याला रौप्य मिळालं, सोनं हुकलं अवघ्या ०.०५ सेकंदाने. केनियाच्या धावपटूच्या घड्याळात बघितलं तर ती हार. पण साबळेची वेळ होती ८ मिनिटं ११.२० सेकंद, त्याच्या आधीच्या राष्ट्रीय विक्रमापेक्षा १.२८ सेकंदाने चांगली. २०१८ मध्ये त्याने ८:२९.८० वेळेत ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला होता, २०२४ मध्ये तो ८:०९.९१ पर्यंत आला. जवळपास २० सेकंद, आणि मधला जवळजवळ प्रत्येक विक्रम त्याने स्वतःचाच मोडलेला.

शेजारी पळणाऱ्या केनियाच्या खेळाडूने त्याला त्या दिवशी ओढलं असणारच. शर्यतीत तसं ओढून घ्यावं. पण वर्षभराचा हिशोब मात्र आपल्याच वहीत ठेवावा.

आणि भरतीवाल्यांनो,

तुमचा प्रश्न खरा आहे. ग्राउंड ५० मार्कांचं. मुलांना १,६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. सोळाशेत पूर्ण २० मार्क हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. पुढे लेखीला जागांच्या दहापट उमेदवारच बोलावतात. म्हणजे दुसरे किती पळतात याने फरक पडतो, हे मी नाकारत नाही. पण दुसऱ्याचा वेळ तुमच्या हातात नाही. मार्कांचा तक्ता सगळ्यांना एकच आहे. तो भिंतीवर लावा आणि स्वतःला विचारा, पुढच्या टप्प्याला मला किती सेकंद कमी पडतायत? मित्र दीड मिनिट पुढे आहे याने माणूस गोधडीत शिरतो. दहा सेकंद कमी करायचेत म्हटलं की बूट घालतो.

तर करायचं काय?

एक, वही. तारीख, अंतर, वेळ आणि पळताना बोलता येत होतं का, एवढंच लिहा. तोच रस्ता, तीच वेळ, आठवड्यातून एकदाच मोजा. रोज मोजलं तर झोप आणि ऊन यांचा चढउतार बघून जीव घाबरतो.

दोन, तुलना चार आठवड्यांपूर्वीच्या स्वतःशी. कालच्याशी नाही.

तीन, अ‍ॅपमधल्या क्रमवारीचे नोटिफिकेशन बंद. ज्याचे फोटो बघून व्यायाम करावासा वाटतो त्याला ठेवा, ज्याचे बघून सोडावासा वाटतो त्याला म्यूट करा. त्याला कळतही नाही.

चार, कुणी खरंच पुढे असेल तर त्याचा वेळ विचारू नका, सुरुवात कधी केली आणि आठवडाभर काय करतो ते विचारा. त्यातून शिकायला मिळतं.

मावसभावाने दुसऱ्या दिवशी जुन्या शाळेच्या वहीचं मागचं पान काढलं आणि वर पहिली ओळ लिहिली: ७:३५. तिच्याखाली ६:४०. परवा त्याचा मेसेज आला, फक्त आकडा: ६:३३. मित्राचं नाव त्यात नव्हतं.

तुमच्या वहीतली पहिली ओळ आज लिहा. भेटू पुढच्या भागात. तोवर, चालत राहा!