त्रास कमी झाला म्हणजे उपचार लागू पडला का? केमो, काढे आणि पुरावा

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आईचा फोन आला. मावशीला मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे, केमो सुरू होती. आई म्हणाली, "अगं, तिला कुणीतरी एक पावडर आणून दिलीय. सगळं नैसर्गिकच आहे म्हणतात. या वेळी केमोचा त्रासही कमी झाला तिला. डॉक्टरांना नाही सांगितलं, ते रागावतात. तू औषधांवरच पीएचडी करतेस ना, मग सांग, चालेल ना?"

खरं सांगायचं तर मला उत्तर देता आलं नाही. यकृतातले एन्झाइम औषधांचं काय करतात हा माझा रोजचा विषय. पण पावडरीच्या पिशवीवर लेबलच नव्हतं. शिवाय आईच्या बोलण्यातलं एक वाक्य डोक्यातून जाईना. "त्रास कमी झाला." आईसाठी ती आनंदाची बातमी होती. मला त्याचीच भीती वाटली. का वाटली, ते आज सांगते. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना या एका विषयातून पेपर वाचण्याबद्दल बरंच शिकता येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी दोन शब्द वेगळे करूया

'पर्यायी' उपचार म्हणजे शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांच्याऐवजी घेतलेले उपचार. 'पूरक' म्हणजे त्यांच्या जोडीला घेतलेले. बोलताना आपण दोन्हींची सरमिसळ करतो, पण संशोधनात हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पर्यायी उपचारांबद्दलचा एक महत्त्वाचा अभ्यास येल विद्यापीठातल्या संशोधकांनी केला. तो 'जर्नल ऑफ द नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट'मध्ये २०१८ साली छापून आला. त्यांनी अमेरिकेतल्या कर्करोग नोंदणीतून फक्त पर्यायी उपचार घेतलेले २८१ रुग्ण निवडले आणि त्यांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्या ५६० रुग्णांशी केली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट निघाला. स्तनाच्या कर्करोगात तो साडेपाच पटीहून जास्त होता, आतड्याच्या कर्करोगात साडेचार पटीहून जास्त. म्हणजे 'ऐवजी'चं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

'जोडीला'चं उत्तर मात्र गुंतागुंतीचं आहे. याच गटाचा दुसरा पेपर त्याच वर्षी 'जामा ऑन्कॉलॉजी'मध्ये आला. नेहमीच्या उपचारांपैकी किमान एक आणि सोबत पूरक उपचार घेतलेले २५८ रुग्ण एका बाजूला, फक्त नेहमीचे उपचार घेतलेले १०३२ दुसऱ्या बाजूला. पूरक उपचारांच्या गटात मृत्यूचा धोका दुप्पट दिसला, हॅझार्ड रेशो २.०८. ही बातमी पसरली तेव्हा बऱ्याच जणांनी अर्थ काढला, की पूरक उपचार घातक असतात.

इथे थांबायचं आणि पेपर पुढे वाचायचा. पूरक उपचार घेणाऱ्यांपैकी ३४ टक्के रुग्णांनी केमो नाकारली होती, तर दुसऱ्या गटात साधारण ३ टक्क्यांनी. रेडिएशन नाकारणारे ५३ टक्के, दुसऱ्या गटात २ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 'जोडीला' म्हणत म्हणत बरेच जण 'ऐवजी'कडे सरकले होते. उपचार नाकारणं किंवा लांबवणं हा घटक गणितात घेतल्यावर हॅझार्ड रेशो १.३९ वर आला आणि त्याची विश्वास-मर्यादा ०.८३ ते २.३३, म्हणजे मधे १ येतो. पूरक उपचारांचा मृत्यूशी स्वतंत्र संबंध आहे असं त्यावरून म्हणता येत नाही.

अजून एक गोष्ट बघा. या नोंदणीत 'पूरक' कुणाला म्हटलं होतं? वैद्यकीय प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीने दिलेले, सिद्ध न झालेले उपचार ज्यांच्या कागदावर नोंदले गेले, फक्त त्यांना. घरी प्राणायाम करणारी बाई त्यात येणारच नाही. त्यामुळे पेपर वाचताना पहिलं काम: व्याख्या शोधा. शीर्षकातला शब्द आणि मोजलेली गोष्ट नेहमी एकच असते असं नाही.

नरक्याचं झाड आणि नंदुरबारचा शास्त्रज्ञ

आता त्या 'नैसर्गिक' शब्दाकडे येऊ. मावशीच्या केमोच्या कागदावर एक नाव होतं, इरिनोटेकॅन. हे औषध कॅम्प्टोथेसिन नावाच्या रेणूत बदल करून बनवतात. कॅम्प्टोथेसिन १९६६ साली एका चिनी झाडातून वेगळं केलं गेलं. ते करणाऱ्या जोडीतले एक मन्रो वॉल आणि दुसरे मनसुख वाणी, जन्म नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात. याच दोघांनी पुढे टॅक्सॉलही शोधलं. आणि कॅम्प्टोथेसिन फक्त चीनमध्ये नाही, आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही मिळतं. त्यासाठीच या झाडाची चोरटी तोडही होते.

म्हणजे मावशीला सलाइनमधून मिळणारं औषधही मुळात झाडातलंच! सदाफुलीतून आलेलं व्हिन्क्रिस्टीन तर आपल्याला माहीतच आहे. मग 'केमो म्हणजे केमिकल, पावडर म्हणजे नैसर्गिक' ही विभागणी टिकत नाही. फरक कशात आहे? कॅम्प्टोथेसिन सुरुवातीला जसंच्या तसं माणसांवर वापरून पाहिलं, तेव्हा ते इतकं विषारी ठरलं की चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल, डोस ठरवणं, दुष्परिणाम मोजणं हे सगळं होऊन अमेरिकेत इरिनोटेकॅनला मान्यता मिळाली ती १९९६ साली. मधली तीस वर्षं हाच तो फरक.

पाच रुग्णांचा पेपर

आता माझ्या भीतीचं कारण. सेंट जॉन्स वर्ट नावाची एक वनस्पती आहे, पिवळ्या फुलांची. युरोप-अमेरिकेत उदासीनतेवर ती गोळ्यांच्या रूपात सर्रास घेतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००२ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण किती? फक्त पाच. प्रत्येकाला एकदा नुसतं इरिनोटेकॅन दिलं आणि एकदा सेंट जॉन्स वर्टसोबत, रोज ९०० मिलिग्रॅम, १८ दिवस. कुणाला आधी काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. याला क्रॉसओव्हर रचना म्हणतात. प्रत्येक रुग्ण स्वतःचीच तुलना असतो, म्हणून कमी माणसांतही फरक दिसू शकतो.

इरिनोटेकॅनचं शरीरात एसएन-३८ नावाच्या रेणूत रूपांतर होतं आणि कर्करोगाच्या पेशींवर खरं काम तो करतो. सेंट जॉन्स वर्ट घेतल्यावर रक्तातलं एसएन-३८ तब्बल ४२ टक्क्यांनी घटलं. कारण यकृतात. या वनस्पतीतला हायपरफोरिन नावाचा घटक सीवायपी३ए४ या एन्झाइमचं उत्पादन वाढवतो. हे एन्झाइम इरिनोटेकॅनची निकामी तुकड्यांत विल्हेवाट लावतं. एन्झाइम वाढलं की औषध लवकर संपतं.

आणि आता नीट वाचा. त्या रुग्णांमध्ये सेंट जॉन्स वर्ट घेत असताना अस्थिमज्जेवरचा वाईट परिणामही कमी दिसला. म्हणजे रक्ताचा रिपोर्ट चांगला! घरच्यांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, "बघा, या गोळीने केमो सोसली." प्रत्यक्षात केमोच कमी पोहोचत होती.

आईचं वाक्य ऐकून मला हा पेपर आठवला. त्रास कमी होण्याची दोन कारणं असू शकतात. एक, पूरक उपचाराने खरंच शरीराला आधार दिला. दोन, त्याने मुख्य औषधच पातळ केलं. बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसतात. मावशीच्या बाबतीत तिसरंही कारण शक्य होतं: डॉक्टरांनी उलटीचं औषध बदललं असेल किंवा केमोचा डोस कमी केला असेल. एका रुग्णाच्या अनुभवावरून यातलं कुठलं खरं ते कळत नाही. ती खोटं बोलत नाही, तिला बरं वाटतंय हेही खरं आहे. पण 'बरं वाटलं' हे निरीक्षण आहे, कारण नव्हे.

हळदीचं काय?

हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात विचारतात. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्क्यांच्या आसपास असतं. प्रयोगशाळेतल्या बशीत कर्क्युमिन कर्करोगाच्या पेशी मारतं, हे खरं आहे. पण तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फार थोडं पोहोचतं. बशीत वापरलेली मात्रा आणि माणसाच्या रक्तात मिळणारी मात्रा यांची तुलना केल्याशिवाय अशा पेपरचा निष्कर्ष पुढे सांगू नका.

यावर उपाय म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पिपरिन घालतात, त्याने कर्क्युमिनचं शोषण वाढतं. पण कसं वाढतं? औषधांची विल्हेवाट लावणारी यंत्रणा मंदावून. आणि प्रयोगशाळेत पिपरिन ज्या एन्झाइमांना रोखतं त्यात आपलं ओळखीचं सीवायपी३ए४ आहे. म्हणजे सेंट जॉन्स वर्टच्या उलट दिशेचा धोका: औषध कमी पडण्याऐवजी साठून राहण्याचा. वरणातली चिमूटभर हळद आणि रोजची कॅप्सूल हे वेगवेगळे प्रश्न आहेत, ते यासाठी.

मग जोडीला काहीच घेऊ नये का?

असं अजिबात नाही. नीट तपासलेल्या गोष्टीही आहेत. आल्याचंच उदाहरण घ्या. अमेरिकेत ७४४ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१२ साली प्रसिद्ध झाली. सगळ्यांना मळमळीचं नेहमीचं औषध चालूच ठेवलं. त्यावर काहींना आल्याच्या अर्काच्या कॅप्सूल, काहींना तशाच दिसणाऱ्या प्लासिबो. केमोच्या तीन दिवस आधीपासून सहा दिवस. पहिल्या दिवसाची मळमळ आल्याने कमी झाली. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त फायदा रोज अर्धा आणि एक ग्रॅमच्या गटांना झाला, दीड ग्रॅमच्या गटाला नाही. 'नैसर्गिक आहे, थोडं जास्त घेतलं तर काय बिघडतं' याला हे उत्तर.

या चाचणीचा दावा किती नेमका आहे तेही बघा. आल्याने कर्करोग बरा होतो असं कुणी म्हटलं नाही. प्रश्न एवढाच होता: नेहमीच्या औषधावर आलं दिलं, तर मळमळ आणखी कमी होते का? याच पद्धतीने पुढे गेल्यामुळे अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने एकात्मिक उपचारांच्या संघटनेसोबत २०२२ साली वेदनांसाठी आणि २०२३ साली चिंता व नैराश्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ॲक्युपंक्चर, माइंडफुलनेस, योग यांना जागा मिळाली, ती त्रास हलका करण्यासाठी. ट्युमर घालवण्यासाठी नव्हे.

पेपर हातात आला की विचारायचे प्रश्न

१. 'ऐवजी' की 'जोडीला'? आणि जोडीला म्हणताना मुख्य उपचार खरंच पूर्ण झाले का?

२. काय मोजलं? जगण्याचा काळ, ट्युमरचा आकार, की मळमळ? एकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका.

३. कुठे मोजलं? बशीत, उंदरात की माणसात? मात्रा किती?

४. तुलनेचा गट होता का, आणि कोण कुठल्या गटात जाईल हे कसं ठरलं?

५. मुख्य औषधाची रक्तातली पातळी कुणी मोजली का? पूरक उपचारांच्या अभ्यासात हा प्रश्न सगळ्यात जास्त राहून जातो. तुमच्यापैकी कुणाला विषय शोधायचा असेल, तर इथे भरपूर काम आहे.

मावशीचं काय झालं

मी आईला सांगितलं, की पावडर चांगली की वाईट हे मला माहीत नाही आणि लेबल नसल्यामुळे कुणालाच सांगता येणार नाही. तोवर ती बंद ठेवा आणि पुढच्या वेळी पिशवी घेऊनच डॉक्टरांकडे जा. मावशी तयार होईना. म्हणाली, "मला केमोने इतकं गळून गेल्यासारखं होतं, निदान हे तरी माझ्या हातात आहे गं." यावर माझ्याकडे कुठलाही पेपर नव्हता.

शेवटी मीच सोबत गेले. डॉक्टर आधी वैतागले, मग पिशवी उघडून बघितली, यात काय आहे ते कळत नाही म्हणाले आणि केमो चालू आहे तोवर घेऊ नका असं सांगितलं. पण त्यानंतर त्यांनी तिला विचारलं, "नक्की कशाचा त्रास होतोय?" आणि तिने पहिल्यांदा सगळं सांगितलं: झोप नाही, तोंडाला चव नाही, रात्री भीती वाटते. निघताना उलटीच्या गोळ्यांची वेळ बदलून मिळाली, आहारतज्ज्ञांची चिठ्ठी मिळाली आणि तिथल्याच योगवर्गाचा पत्ता. आलं घालून चहा चालेल का, हेही तिने विचारून घेतलं. चालेल म्हणाले.

पुढच्या लेखात हॅझार्ड रेशो आणि विश्वास-मर्यादा हाताने आकडेमोड करून बघूया. तोवर तुमच्या घरात कुणी केमो घेत असेल, तर जोडीला काय काय चालू आहे याची एक यादी करा आणि त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. हळदीच्या कॅप्सूलसकट.