उणे अठरा

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या दीर्घ इतिहासात ज्या आकड्याची मोहिनी माझ्यावर वर्षानुवर्षे आहे, तो एका फसलेल्या हिशेबाचा आकडा आहे. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली या नेत्रवैद्याने ज्या 45 वर्षांच्या स्त्रीच्या डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसविले, तिची शस्त्रक्रियेनंतर तपासणी झाली तेव्हा चष्म्याचा नंबर निघाला उणे 18, त्यावर उणे 6 चा सिलिंडर, अक्ष 120 अंश. मोतीबिंदू निघाला होता आणि भिंग जागेवर होते. परंतु चष्म्यावाचून नाकापुढच्या दोन इंचांपलीकडचे सारे जग त्या डोळ्याला धूसर झाले होते.

रिडलीच्या कथेचा पूर्वभाग बहुतेकांच्या परिचयाचा आहे: महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेल्या पर्स्पेक्स या पारदर्शक प्लास्टिकच्या ठिकऱ्या डोळ्याने मुकाट्याने सोसल्या, आणि शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का बसवीत नाही असे सहज विचारले. या दंतकथातुल्य भागाची पुनरुक्ती येथे करीत नाही. 29 नोव्हेंबर 1949 ही त्या शस्त्रक्रियेची तारीख म्हणून सर्वत्र साजरी होते, आणि भिंग कायमचे बसले ते 8 फेब्रुवारी 1950 रोजी, एवढे सांगून मी थेट त्या हिशेबाकडे वळतो.

मनुष्याच्या नैसर्गिक भिंगाची वक्रता त्या काळच्या शास्त्राला चांगली अवगत होती. पुढच्या पृष्ठाची त्रिज्या सुमारे 10 मिलिमीटर आणि मागच्याची सुमारे 6, हे गुलस्ट्रँडच्या प्रमाण-नेत्रातले आकडे पाठ्यपुस्तकांतून रूढ झाले होते. निसर्गाच्या घाटाबरहुकूम भिंग घडवावे हा विचार त्यामुळे स्वाभाविकच होता. परंतु नैसर्गिक भिंगाचा अपवर्तनांक 1.42 च्या आसपास, तर रिडलीचे भिंग ज्याचे होते त्या पर्स्पेक्सचा 1.49. सात शतांशांचा हा फरक कागदावर मामुली दिसतो. डोळ्यातील द्रवाचा अपवर्तनांक 1.336 धरून कोणीही मांडून पाहावे: तोच घाट पर्स्पेक्समध्ये उतरविला की वीस-बावीस डायॉप्टरांच्या जागी सुमारे 41 डायॉप्टर शक्ती पदरात पडते. म्हणजे त्या बाईच्या डोळ्यात जवळजवळ दोन डोळ्यांचे भिंग बसले होते, आणि उणे 18 हा त्या आधिक्याचाच चष्म्याच्या भाषेतला शेरा होता.

या आकड्याने रिडली खचला नाही आणि त्याने तो लपविलाही नाही. माझ्या लेखी त्याचे मोठेपण येथे आहे. त्याने वक्रता सौम्य केली. पुढच्या भिंगांत त्रिज्या 17.8 आणि 10.7 मिलिमीटर झाल्या, आणि याच रीतीने मांडले तर शक्ती 23 डायॉप्टरांवर उतरते. जुलै 1951 मध्ये ऑक्सफर्डच्या नेत्रवैद्यकीय परिषदेत त्याने आपले काम जाहीर केले आणि शस्त्रक्रिया झालेले रुग्णही तेथे तपासणीसाठी हजर ठेवले. सर स्टुअर्ट ड्यूक-एल्डर, म्हणजे ब्रिटिश नेत्रवैद्यकाचे तत्कालीन सार्वभौमच, बहुखंडी ग्रंथांचे कर्ते, यांनी ते रुग्ण पाहण्याचेही नाकारले, असे रिडलीचा चरित्रकार डेव्हिड अ‍ॅपल लिहितो. परकी वस्तू डोळ्यात घालणे हा त्यांना अविचार वाटत असेल, आणि पहिल्या भिंगांचे दुष्परिणाम पाहता ती शंका निराधारही नव्हती. तथापि शंका घेणे निराळे आणि समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यात डोकावण्याचे नाकारणे निराळे. त्या दिवशी विद्वत्तेने पुराव्याकडे पाठ फिरविली, असे मी म्हणेन.

मग भिंग बसविण्याआधी डोळा मोजलाच का नाही, असे वाचक विचारील. मोजण्याचे वेड जुने होते. टॉमस यंग या इंग्रज पंडिताने 1801 मध्ये छापलेल्या निबंधात स्वतःच्याच नेत्रगोलाची लांबी दिली आहे, आणि ती मिळविण्याची त्याची रीत वाचताना आजही अंगावर काटा येतो. डोळा शक्य तितका नाकाकडे वळवायचा. कंपासच्या टोकांना किल्ल्यांची कडी बसवून एक कडे पुढे पारपटलाशी टेकवायचे आणि दुसरे बाहेरच्या कोपऱ्यातून बुबुळामागे सरकवीत दाबायचे. दाबाने दृष्टीपुढे प्रकाशाचे एक वलय उमटते. ते वलय ऐन नजरेच्या केंद्राशी आले की मागचे टोक दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूपाशी पोहोचले असे समजायचे. त्याचे डोळे जरा पुढे आलेले होते म्हणून हा उद्योग साधला. आजच्या मापात उत्तर येते सुमारे 23 मिलिमीटर, आणि आजचे यंत्रही सामान्य डोळ्यास जवळपास तेच सांगते! परंतु या मापाचे व्यवहारात कोणाला काम नव्हते. भिंग काढून टाकले की सरसकट अधिक 10 चा, बाटलीच्या बुडासारखा चष्मा द्यायचा, ही रीत आपल्याकडच्या शिबिरांतून तर अगदी परवापरवापर्यंत चालू होती. सर्वांना एकच चष्मा द्यायचा असेल तर मोजायचे कशाला?

आधीची आणि नंतरची नोंद जपण्याची बुद्धी मात्र आपल्या माणसांत अगदीच नव्हती असे नाही. तंजावरचा मराठा राजा दुसरा सरफोजी हा श्वार्ट्‌झ नामक मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेला, वैद्यकाचा व्यासंगी पुरुष. त्याच्या नेत्ररुग्णांचे कागद सरस्वती महालाच्या ग्रंथसंग्रहात आहेत आणि त्यांत डोळ्यांची रंगविलेली चित्रेही आहेत. आकडे नसतील, पण एकेका डोळ्याची स्वतंत्र हकिगत लिहून ठेवावी आणि तिचे दप्तर राखावे, हा संस्कार त्या काळी थोरच म्हटला पाहिजे.

आकड्यांचे युग आले ते ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी काढता येऊ लागल्यावर. चेबोक्सारी येथे 1960 मध्ये कृत्रिम भिंग बसवून वरिष्ठांची खप्पामर्जी ओढवून घेतलेल्या स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह या सोव्हिएत नेत्रवैद्याने 1967 साली कोलिंकोच्या साहाय्याने भिंगाच्या शक्तीचे सूत्र प्रकाशित केले. ते शुद्ध प्रकाशशास्त्राचे अपत्य होते. त्यानंतरची सूत्रावली ओलांडून मी 1980 च्या सुमाराच्या एका सूत्रापाशी थांबतो, कारण सँडर्स, रेट्झलाफ आणि क्रॅफ या अमेरिकन त्रयीने येथे विचाराची दिशाच उलटी केली. शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या डोळ्यांचे नंबर गोळा करून, आधीच्या कोणत्या मापाला कोणते भिंग खरोखर लागू पडले हे त्यांनी संख्याशास्त्राने काढले. भिंगाच्या एका स्थिरांकातून लांबीची अडीचपट आणि पारपटलाच्या शक्तीची नऊ दशांश पट वजा करावी, एवढेच ते सूत्र. स्थिरांक 118.4, लांबी 23.5 मिलिमीटर, पारपटल 44 डायॉप्टर असेल, तर 118.4 मधून 58.75 आणि 39.6 वजा जाऊन उरतात 20.05, म्हणजे 20 चे भिंग. हा स्थिरांक, ज्याला डॉक्टर ‘ए कॉन्स्टंट’ म्हणतात, झाल्या गेल्या शस्त्रक्रियांच्या निकालांतून निथळून आलेला असतो. म्हणून आधीच्या हिशेबात नंतरचे माप अगोदरच रुजू झालेले आहे.

याच सूत्रातून दिसते की लांबीत एका मिलिमीटरची चूक झाली तर भिंगात अडीच डायॉप्टरांची होते. ध्वनिलहरींनी लांबी मोजणाऱ्या ए-स्कॅन यंत्राची कांडी तंत्रज्ञाने पारपटलावर किंचित जोराने टेकविली की डोळा दबून आखूड भासतो, भिंग वाजवीपेक्षा जोरदार निवडले जाते, आणि रुग्ण लहान प्रमाणावर रिडलीच्या त्या बाईच्याच वाटेने जातो. 1999 मध्ये झाइसचे स्पर्शावाचून प्रकाशाने मोजणारे यंत्र आले तेव्हा हा दोष टळला. मात्र पुरता पिकून कठीण झालेल्या मोतीबिंदूतून तो प्रकाश आरपार जात नाही, आणि असे मोतीबिंदू आपल्या खेड्यापाड्यांतून अजून येतात, म्हणून ती कांडी अद्याप निवृत्त झालेली नाही. 1992 मध्ये टॉमस ओल्सेन या संशोधकाने भिंगाच्या हिशेबातील एकूण चूक कारणवार वाटून दाखविली तेव्हा लांबीच्या मापाकडे 54 टक्के दोष गेला होता. 2008 मध्ये नॉर्बी या दुसऱ्या संशोधकाने तोच हिशेब पुन्हा मांडला तेव्हा तो 17 टक्क्यांवर आला. अग्रस्थानी होती भिंग शेवटी डोळ्यात कोठे स्थिरावेल ही अनिश्चितता, 35 टक्के; आणि तिच्या खालोखाल, 27 टक्के, शस्त्रक्रियेनंतरचा नंबर काढण्यातलीच ढिलाई. ज्या मापाने निवाडा करायचा तेच माप घाईघाईने घेतले जाते, असा या आकड्यांचा सरळ अर्थ आहे.

मदुराईच्या ऑरोलॅबने 1992 पासून भिंगे स्वस्त केली आणि शिबिरातल्या गरिबालाही अधिक 10 च्या चष्म्यातून मुक्ती मिळण्याचा मार्ग खुला झाला, हे उपकार विसरता येत नाहीत. पण शिबिरांचे अहवाल आजही शस्त्रक्रियांची संख्या ठळक टाइपात छापतात आणि महिन्या-दीड महिन्यानंतरच्या नंबरांविषयी बहुधा मौन पाळतात. टाके न घालता हाताने केलेल्या छेदाने पारपटलाची वक्रताही बदलते, आणि ती किती बदलली हे रुग्ण पुन्हा खुर्चीवर बसल्यावाचून कळत नाही. ज्या शल्यवैद्याच्या दप्तरात तो नंतरचा रकाना भरलेला असतो, त्याला आपल्या हाताचा आणि आपल्या रुग्णांचा स्थिरांक स्वतः काढता येतो. ज्याच्या दप्तरात तो कोरा असतो, त्याला भिंगाच्या खोक्यावर छापलेला, कुठल्या तरी परक्या देशातील डोळ्यांवरून बेतलेला आकडा निमूटपणे मानावा लागतो. तेव्हा शिबिरास देणगी देणाऱ्यांनी पुढच्या खेपेस शस्त्रक्रिया किती झाल्या हे विचारून थांबू नये. फेरतपासणीस किती आले आणि त्यांचे नंबर काय निघाले, याचा लेखी तपशील मागावा, आणि त्यात एखादे उणे 18 आढळले तर ते लपविण्याऐवजी छापणाऱ्या डॉक्टरालाच पुढची देणगी द्यावी.