रिकाम्या न्हाव्याची बाजू

'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरात कोणी स्वस्थ बसलेला दिसला की ती त्याला ऐकवली जाते. आमची तीस वर्षे कामगार संघटनेत गेली. आयतोबांचा आम्हांलाही तिटकारा आहे. परंतु अलीकडे त्या न्हाव्याची आम्हांला कणव येऊ लागली आहे. बिचाऱ्याचे चुकले काय? गिऱ्हाईक नव्हते, घाई नव्हती आणि हातांत कसब होते, म्हणून ते हात आपल्या हत्याराशी खेळू लागले. कोणी सांगितलेले नसताना, कोणी पैसे देणार नसताना माणसाचे कसब असे खेळू लागते, तेथेच कलेची सुरुवात होते, असे आमचे मत आहे.

येथे दोन शब्दांतला भेद प्रथम ध्यानात घ्यावा. विश्रांती वेगळी आणि सवड वेगळी. दिवसभर राबून आलेला माणूस अंग टाकतो, ती विश्रांती. तिने उद्याच्या कामापुरती शक्ती भरून येते. म्हणजे एका अर्थी ती मालकाच्याच खात्यात जमा होते. सवड तिच्या पुढची. झोप पुरी झाली आहे, पोटात अन्न आहे आणि पुढचे दोन तास कोणाचेही देणे लागत नाहीत, या अवस्थेला सवड म्हणावे. थकवा गेल्याशिवाय ती येत नाही, आणि तिच्यावाचून गाणे, गोष्ट किंवा नवा विचार सहसा नीट उगवत नाही.

ही सवड आपल्याकडे आपोआप आलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठरलेली सुटी नसे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात अग्रभागी मजुरीवाढ नव्हती. रविवारची पुरी सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची उसंत या मागण्या होत्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा मालकांना सूर्याचीही अडचण उरली नाही आणि कामाचा दिवस पुन्हा लांबला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ साली आठवड्याचे साठ तास ठरले, १९३४ साली चौपन्न आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस. आकडे कोरडे वाटतील. परंतु साठाचे अठ्ठेचाळीस झाले म्हणजे माणसाच्या आठवड्यात बारा तास परत आले.

पाळी सुटल्यावरच्या अशा तासांत गिरणगावाने काय केले? चाळीचाळींतून भजनी मंडळे बसली, कोकणातले नमन आणि दशावतार मुंबईत उभे राहिले, कामगारांची नाटके झाली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली निघाले. लहानपणी गिरणीत राबलेल्या नारायण सुर्व्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह १९६२ साली आला. या माणसांना सवड कोणी ताटात वाढून दिली नव्हती. पाळी आणि झोप यांच्या मधल्या फटीत त्यांनी ती शोधली.

दुसरा दाखला तुरुंगाचा. लोकमान्यांनी 'गीतारहस्य' १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या कैदेत लिहिले. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. या ग्रंथांना निवांतपणा मिळाला तो सरकारने पायांत बेडी घातल्यावर! समाजकार्य करणाऱ्या माणसाला आपण बाहेर किती थोडी उसंत देतो, हे यावरून दिसते.

कोणी म्हणेल, बहिणाबाई चौधरींना कुठे सवड होती? शेतात आणि जात्यावर काम करता करताच त्यांना ओव्या सुचल्या. आक्षेप खरा आहे आणि शिकवणाराही आहे. जात्याची गती दळणारीच्या हातात असते. हात गुंतलेले, पण मन मोकळे राहते. साच्याची गती साचाच ठरवतो आणि त्याच्या खडखडाटात शेजाऱ्याचा शब्दही ऐकू येत नाही. तेव्हा हात रिकामे हवेत असे नाही, चाल आपली हवी. मात्र या दाखल्याने बायकांच्या कष्टांवर पांघरूण घालू नये. बहिणाबाईंच्या ओव्या त्यांच्या मुलाने लिहून घेतल्या म्हणून वाचल्या. ज्यांच्या कोणी लिहून घेतल्या नाहीत, अशा किती जणी असतील? १८९० चा रविवार चुलीपर्यंत आजही पुरता पोचलेला नाही.

आता आमचा स्वतःचा अपराध सांगतो. आमच्या संघटनेत एक तरुण कामगार होता. ढोलकी सुरेख वाजवी, स्वतः गाणी रची. आम्ही त्याला दर रविवारी बैठकीला, मोर्चाला, वर्गणी गोळा करायला नेत असू. 'साहेब, या रविवारी गाण्याला बसायचे होते,' असे तो म्हणे. आणि 'पुढच्या रविवारी बघू,' असे आम्ही म्हणत असू. दोन वर्षांनी एका सभेत गाणे म्हणायला सांगितले, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, 'आता सुचत नाही.' जो रविवार मालकांकडून मिळवायला पिढी खर्ची पडली, तो आम्ही चळवळीच्या नावाने काढून घेतला होता. तेव्हापासून महिन्यातले दोन रविवार बैठक नाही, असा नियम आम्ही केला. त्याची ढोलकी काही त्या नियमाने परत आली नाही.

आज पाठीवर पेटी घेऊन घरोघर जेवण पोचवणारा तरुण दिसतो. त्याची मिनिटे मोजणारे यंत्र त्याच्याच खिशात आहे, आणि फेरी चुकली की पैसे बुडतात. मग त्याने रविवार कोणाकडे मागावा? कचेरीतल्या माणसाच्या मागेही साहेबाचा निरोप रात्री घरी येतो. तासांची लढाई संपलेली नाही, तिची जागा बदलली आहे. ती संघटनेनेच लढावी लागेल. पण घरात करण्याजोगे थोडे आजही आहे: आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवावी, तिचा हिशेब मागू नये, आणि घरातल्या बाईलाही तशीच एक संध्याकाळ मिळेल इतके काम आपण उचलावे.

आणि त्या संध्याकाळी कोणी भिंतीला तुंबड्या लावताना दिसला, तर म्हण न ऐकवता त्याला लावू द्याव्यात.