चुकलेली बोली आणि हातोड्याची वेळ

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातले शिरपूर जैन हे गाव देशभरातील जैनांना अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे ठाऊक आहे, तर भोवतालच्या शेतकऱ्यांच्या लेखी ते सोयाबीन आणि तुरीच्या पट्ट्यातले एक गाव आहे. आणि बोली या दोन्ही जगांत लागते. श्वेतांबर परंपरेत पहिल्या पूजेचा किंवा आरतीचा मान बोलीने दिला जातो, तिला उछामणी म्हणतात, आणि पूर्वी ती रुपयांऐवजी तुपाच्या मणांत बोलली जात असे. बोली मंजूर झाली की ती रक्कम देवद्रव्य, म्हणजे केवळ देवकार्यासाठी वापरायचे धन, ठरते आणि ती थकवणे दोषास्पद मानले जाते. बाजार समितीच्या ओट्यावरील हर्राशीत, म्हणजे वैदर्भीय बोलीतल्या लिलावात, व्यवहार इतका कठोर नसतो. तेथे चुकून निघालेला आकडा अडत्याने सौदा पक्का झाल्याचे पुकारण्यापूर्वी दुरुस्त केला तर कोणी फारसे मनावर घेत नाही.

ही मुभा केवळ रूढीची नाही. माल विक्री अधिनियम, 1930 याच्या कलम 64 नुसार लिलावकर्त्याने हातोडा आपटून किंवा रूढ पद्धतीने विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर करेपर्यंत कोणीही आपली बोली मागे घेऊ शकतो. यामागचे तत्त्व इंग्लंडमधील 1789 सालच्या पेन विरुद्ध केव्ह या खटल्यात स्पष्ट झाले होते: बोली हा केवळ प्रस्ताव असतो, हातोडा हा त्याचा स्वीकार असतो, आणि स्वीकारापूर्वी प्रस्ताव परत घेण्यास हरकत नसते. मात्र लिलावाच्या अटी वेगळ्या असू शकतात. रेतीघाटाच्या किंवा सरकारी भंगाराच्या ई-लिलावात बयाणा रक्कम, म्हणजे सहभागाआधी भरलेली हमीची ठेव, घेतली जाते आणि सर्वोच्च बोली लावून मागे हटणाऱ्याची ही ठेव जप्त करण्याची अट सहसा घातलेली असते.

ऑनलाइन लिलावात अडचण अशी की तेथे हातोडा कोणाच्या हाती नसतो, तो घड्याळात दडलेला असतो. समजा, एखाद्या खरेदीदाराला क्विंटलला 4,300 रुपये लिहायचे होते आणि एक शून्य जास्त पडून 43,000 झाले, तर वेळ संपताच यंत्रणा ती बोली विजयी ठरवते. 43,000 हा सोयाबीनचा भाव असूच शकत नाही, हे ओळखणारा अडत्या तेथे नसतो. शिवाय अनेक संकेतस्थळांवर प्रतिबोलीची सोय असते, म्हणजे ग्राहकाने आपली कमाल मर्यादा सांगून ठेवायची आणि यंत्रणेने त्याच्या वतीने थोडी थोडी बोली वाढवत न्यायची. अशा वेळी एका चुकीच्या आकड्याने दुसऱ्याची बोलीही त्याच्या कमाल मर्यादेपर्यंत जाऊन भिडते. म्हणून चूक रद्द करायची तर तिच्यामुळे वर चढलेल्या बोल्याही खाली आणाव्या लागतात.

मग विनंती येताच बोली रद्द का करू नये? कारण याच सवलतीच्या आडून एक जुनी लबाडी चालते. एक जण अवाढव्य बोली लावून इतरांना पळवून लावतो, शेवटच्या घटकेला ‘चूक झाली’ म्हणून ती काढून घेतो आणि त्याच्या साथीदाराची किरकोळ बोली वर येते. हे रोखण्यासाठीच ईबेवर (2004 साली मुंबईची बाझी डॉट कॉम विकत घेऊन ही कंपनी भारतात आली आणि 2018 मध्ये तिचे येथील संकेतस्थळ बंद झाले) रक्कम चुकल्यास बोली मागे घेऊन लगेच योग्य रक्कम भरण्याची अट आहे, आणि लिलावाचे शेवटचे बारा तास उरले असता फक्त मागच्या तासाभरातली बोलीच मागे घेता येते. चूक खरी असेल तर माणूस तत्काळ बोलतो, हा या नियमामागचा अंदाज व्यवहाराला धरून आहे.

हातोडा पडल्यानंतरचा प्रश्न अधिक बिकट आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 याच्या कलम 20 नुसार महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल दोन्ही पक्षांची चूक असेल तर करार निरर्थक ठरतो; कलम 22 नुसार एकाच पक्षाची चूक एवढ्याच कारणाने तो रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जलविद्युत प्रकल्पाच्या निविदेत, आकडेमोडीतील स्वतःच्या चुका सुधारू द्याव्यात ही पटेल इंजिनिअरिंगची मागणी मान्य केली नाही. उलट 1939 च्या इंग्लंडमधील हार्टॉग खटल्यात सशाच्या कातड्यांचा भाव नगाऐवजी चुकून पौंडामागे सांगितला गेला होता आणि ही चूक खरेदीदाराला कळली असणारच, म्हणून न्यायालयाने त्याला तिचा लाभ घेऊ दिला नाही. म्हणजे समोरच्याला चूक दिसत होती का, हा प्रश्न चुकणाऱ्याच्या निष्काळजीपणाइतकाच निर्णायक ठरतो, आणि 43,000 चा सोयाबीन पाहून न ओळखणारा विक्रेता सापडणे कठीण आहे.

त्यामुळे विक्रेत्याने किंवा बाजार समितीने अशी विनंती लेखी घ्यावी, बोलीची आणि विनंतीची वेळ ताडून पाहावी, आधीच्या बोल्यांशी तिचा मेळ बसतो का ते तपासावे आणि रद्द केल्याची नोंद इतर बोलीदारांनाही दिसेल अशी ठेवावी. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदारावर मात्र माल लादता येत नाही, कारण वरची बोली येताच त्याचा प्रस्ताव संपलेला असतो. त्याची नव्याने संमती घ्यावी लागते, आणि तोवर ओट्यावरचा ढीग शेतकऱ्याच्या जिवावर पडून राहतो. 14 एप्रिल 2016 रोजी सुरू झालेल्या ई-नाम, म्हणजे राष्ट्रीय कृषी बाजार, या व्यवस्थेत सर्वोच्च भाव पसंत नसल्यास तो नाकारण्याचा अधिकार शेतकऱ्याला ठेवलेला आहे. रद्द झालेल्या बोलीनंतर दुसऱ्याचा पडेल भाव समोर आला, तर त्याला नकार देऊन माल पुन्हा हर्राशीला लावायचा की घरी न्यायचा, हे तोच ठरवतो.